जांभळी तार

आमच्या घरी रात्री शेवटी झोपणाऱ्यानं भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही अम्मीची शिस्त. एका रात्री कवितेच्या चार ओळी टाइप केल्या आणि 'सेव्ह' न करताच संगणकाला झोपवलं. पडदा काळा, पंखा गप्प. सवयीनं भिंतीवरचं बटणही बंद केलं. सकाळी पाहतो तर कविता नाही!

मुलगी म्हणाली, "अब्बा, तो झोपला होता, तुम्ही त्याचा श्वासच तोडलात." मग तिनं समजावलं. १९९५ साली आलेल्या 'एटीएक्स' रचनेच्या संगणकात एक जांभळी तार असते. झोपेत बाकी पुरवठा थांबतो. पण भिंतीवरचं बटण चालू असेतो या तारेत पाच व्होल्ट खेळत राहतात. त्यांच्याच जोरावर मेमरी अर्धवट काम जपते आणि कळ दाबताच संगणक जागा होतो. म्हणूनच पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढायचा. नुसता पडदा काळा पाहून आत हात घालायचा नाही.

आता मी आधी सेव्ह करतो, मगच झोपवतो. त्या ओळी आठवून पाहिल्या. तीन आल्या. चौथीची अजून वाट पाहतोय.