शहाणी मुलगी कोणाला म्हणायचं?

(बालवाडी शिक्षिका आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मला बोलायला सांगितलंय ते लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर. त्यातही चांगलं वागायला शिकवणाऱ्या पुस्तकांवर. विषय साधा वाटतो. मलाही वाटला होता. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्ही हुंडा, पोटगी, रेशन या सगळ्यांवर तासन्‌तास चर्चा केल्या. बालवाडीत आपण मुलांना काय वाचून दाखवतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते मला एका साडेचार वर्षांच्या मुलीमुळे कळलं.

आमच्या बालवाडीत मी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला जाते. त्या दिवशी हातात एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक होतं. पानोपानी एक शहाणी मुलगी. ती लवकर उठते, मोठ्यांच्या पाया पडते, उलट उत्तर देत नाही, पाहुण्यांना पाणी देते. शेवटच्या पानावर सगळे तिचं कौतुक करतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ही पोर मात्र माझ्याजवळ सरकली नि म्हणाली, "ताई, मी वाईट आहे."

"का गं?"

तर घरी येणारे एक काका पापी मागतात. त्यांच्या मिशा टोचतात, तंबाखूचा वास येतो. तिनं तोंड फिरवलं, तर आजी म्हणाली, "काय शिष्ट कार्टी आहे!"

माझ्या हातातलं पुस्तक आजीचीच बाजू घेत होतं. आणि ते वाचून दाखवणारी मी होते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई धुण्याभांड्याची कामं आटपून नुकतीच आली होती. आजी म्हणाल्या, "अहो ताई, पोरीच्या जातीला वळण नको का लावायला? लोक आम्हालाच नावं ठेवतात." मी म्हटलं, "वळण हवंच, आजी. नमस्कार करू दे की तिला. पण लांबून." आजी गप्प. मग आईच हळू आवाजात म्हणाली, "मलाबी लहानपणी नको वाटायचं. सांगणार कुणाला?"

मैत्रिणींनो, "नाही" म्हणणं म्हणजे उद्धटपणा, हे मुलगी चौथ्या वर्षी शिकली, तर चोविसाव्या वर्षी आपण तिला "अन्यायाविरुद्ध बोल" म्हणून कसं सांगणार? आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या किती बायका सुरुवातीलाच म्हणतात, "मी कधी उलट बोलले नाही हो ताई." जणू तो त्यांच्या चांगुलपणाचा दाखला!

नंतर आम्ही सगळ्या शिक्षिकांनी पुस्तकांची पेटी सतरंजीवर रिकामी केली आणि एकेक चित्र बघत बसलो. पाणी कोण देतं? मुलगी. पडलेल्याला हात कोण देतो? बहुतेक वेळा मुलगा. लहानपणी भिंतीवर पाहिलेला "आदर्श बालक" हा तक्ता आठवतो ना? त्यातला बालक मुलगाच होता, आणि हरवलेल्या मुलाला पोलीस चौकीवर नेत होता. मुलाचा चांगुलपणा घराबाहेर, मुलीचा उंबऱ्याच्या आत.

पुढचा प्रश्न: माफी कोण मागतं? नेहमी मूल. चूक मोठ्यांची असली तरी मोठं माणूस मुलाला "चुकलं माझं" म्हणतंय, असं पान आमच्या पेटीत निघालं नाही. भांडी घासणाऱ्या बाईला चित्रातलं मूल "अगं" म्हणतं, साहेबांना "अहो". दयेच्या गोष्टींत सुखवस्तू घरातली मुलगी जुना फ्रॉक देते आणि गरीब मुलगी मान खाली घालून घेते. आमच्या वस्तीतली मुलं ते चित्र बघतात तेव्हा स्वतःला कुठे शोधत असतील? एक शिक्षिका म्हणाली, "ताई, दया वरून खाली येते. माया शेजारी बसते." मला वाटतं, आपल्याला मायेची पुस्तकं हवीत.

तशी पुस्तकं आहेतही. माधुरी पुरंदरे यांच्या "राधाचं घर"मध्ये घरातली माणसं दिसतात, पण डोक्यावर उपदेश पडत नाही. चेन्नईची तूलिका आणि बंगळूरची प्रथम बुक्स इतर भाषांबरोबर मराठीतही चित्रपुस्तकं काढतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दिसले, पुरुष कपड्यांना इस्त्री करताना दिसला. काहींनी हसण्यावारी नेलं. पण सात वर्षांच्या मुलानं ते पान बघितलं, ही लहान गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, पुस्तकानं काय होतंय? घरात बाप ओरडतो, तेच मूल शिकतं. खरं आहे. म्हणून पुस्तक एकट्यानं पुरणार नाही. आणि जुनी पुस्तकं फेकून द्या, असंही मी म्हणत नाही. आपल्याला ती परवडायचीही नाहीत. तीच वाचा, पण थांबून विचारा. "हिला पाणी द्यायचं नसेल तर?" "दादा का नाही उठला?" "हिला कोणी विचारलं का?" मुलं उत्तरं देतात. आपल्यालाच ऐकायची सवय नसते.

ती मुलगी आता घरी आलेल्यांना दोन हात लांबून नमस्कार करते. आजी अजून कुरकुरतात; पण काका आले की, "लांबूनच कर गं," असं त्याच सांगतात, हे आईनं मला सांगितलं.

आपापल्या केंद्रात परत गेलात की एक दुपार काढा. पेटी रिकामी करा, बायकांना बोलवा, चित्रं बघा. काय सापडलं ते या अंकासाठी लिहून पाठवा. पुढच्या शिबिरात त्यावर बोलू.