घाटाखालची वैनगंगा

शिवनी जिल्ह्यातील मुंडारा या खेड्याजवळ उगम पावणारी वैनगंगा बालाघाटला पोहोचते, तेव्हा ती मुळातली मोकळी नदी राहिलेली नसते. वर भीमगडच्या संजय सरोवराने तिचे पाणी अडविलेले असते आणि इंग्रजी अमदानीतल्या ढुटीच्या बंधाऱ्याने कालव्यांत वाटलेले असते. शेतीला पाणी हवेच. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र चैत्र-वैशाखात धार क्षीण झाली म्हणजे जी घाण पावसाळ्यात वाहून जाते, ती काठाशीच कुजत राहते.

अशा वेळी घाटावर लोक श्रमदानास उतरतात. २०२५ साली मध्यप्रदेश शासनाने ३० मार्च ते ३० जून असे तीन महिने जलगंगा संवर्धन अभियान राज्यभर चालविले. घाटांवरचा कचरा कोठेही सारखाच : निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, विसर्जित मूर्तींचे सांगाडे. प्लास्टरची मूर्ती मातीसारखी विरघळत नाही आणि तिच्या रंगांतील विषारी धातू पाण्यात उतरतात. शाडूची मूर्ती हा म्हणून केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

परंतु झाडूला उचलता येते ते दिसणारेच. नाल्यातून येणारे मैलापाणी सूक्ष्म जीव कुजवितात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मग मासे गुदमरतात. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वी ही वार्ता ढिवराच्या रित्या जाळ्याला कळते. त्याला मात्र कोणी सभेला बोलावीत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. पुढे सीमा बदलली. पाण्याची वाट तीच राहिली. बालाघाटचे पाणी भंडाऱ्याला जाते. त्याच्याही खाली आंभोऱ्याला कन्हान मिळते आणि तिच्याबरोबर नाग नदीतून आलेले नागपूरचे सांडपाणीही येते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, असे एक मत आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आता वर भंडाऱ्यापर्यंत पसरतो. साचलेल्या पाण्याला मैला पुढे ढकलता येत नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, तिचा पायाभरणी समारंभ डिसेंबर २०२२ मध्ये झाला. एका शहराने नदीकडे पाठ फिरविल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

बालाघाट नागपूरएवढे मोठे नाही. तेथे नाले हाताच्या आवाक्यात असताना काम करावयाचे, तर ते स्वस्तात होण्यासारखे आहे. निर्माल्यासाठी घाटावरच खताचा खड्डा करावा. एप्रिलमध्ये पाणी उतरले की श्रमदानाच्या मंडळींनी काठाने चालत जावे, प्रत्येक नाल्याचे तोंड टिपून घ्यावे आणि ती यादी नगरपालिकेपुढे ठेवावी. सोबत एखादा ढिवर असावा. कोणत्या डोहात मासा मिळेनासा झाला, ते त्याला ठाऊक असते.