साताऱ्यातला देवाचा दरबार

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा आश्रम उभारला. सगळा भार देवावर!

या भरवशाची कसोटी घरात आधीच लागली होती. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह, दत्तूसह, नातलगांकडे राहिल्या. ही ताटातूट काही वर्षं चालली. पुढे संसार पुन्हा जुळला आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. मागे राहिलं त्यांचं अपुरं काव्य, ‘ख्रिस्तायन’. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख करून दिली ती टिळकांनीच. त्याच लक्ष्मीबाईंनी एकेक अध्याय रचत ते काव्य पुरं केलं.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा. विरहाची, वाट पाहण्याची ही हकीकत त्यांनी तिथे हसतखेळत सांगितली आहे.