खेळणारे मूल आणि खेळवणारे यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या समारंभात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. प्रारंभीच दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. मी केंद्र सरकारचा नोकर असलो, तरी येथे मांडणार आहे ती मते सर्वस्वी माझी आहेत. त्यांचा भार सरकारवर टाकू नये. दुसरे असे की, मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी. ए. झालेल्या माणसाने विज्ञान, तंत्रज्ञान आणि मुलांचे व्हिडिओ गेम यांवर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय आता आपल्या घरात, जेवणाच्या ताटापाशी येऊन बसला आहे. आणि ताटापाशी येऊन बसलेल्याची विचारपूस करावयास पदवी लागत नाही.

व्हिडिओ गेम म्हणजे व्यापाऱ्यांनी मुलांसाठी काढलेले एक खूळ, अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहास निराळे सांगतो. 1958 साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांसाठी एक टेनिसचा खेळ तयार केला. अणुबाँबच्या प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे काम केलेला आणि पुढे अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध झटलेला हा गृहस्थ. मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तू पाहून लोक कंटाळतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. प्रक्षेपित वस्तूचा मार्ग काढण्याचे जे गणित, तेच त्याने चेंडूला लावले आणि ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर तो चेंडू उसळू लागला. लोकांनी रांगा लावल्या. त्याने या कल्पनेचे पेटंटही घेतले नाही.

दुसरे उदाहरण 1978 सालचे. जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यात पडद्यावर पंचावन्न शत्रू असतात आणि ते जसजसे कमी होतात, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. खेळणाऱ्याची छाती धडधडते. पण या वेगाचे मूळ मोठे मौजेचे आहे. त्या काळच्या संगणकाला पंचावन्न आकृत्या हलविणे जड जात असे. आकृत्या कमी झाल्या की त्याचे ओझे हलके होई आणि तो झपाट्याने काम करी. निशिकादो यांनी हे पाहिले आणि मुद्दाम तसेच राहू दिले. हा खेळ खेळलेल्या कोट्यवधी मुलांपैकी किती जणांनी ‘वेग का वाढतो?’ असे विचारले असेल? ज्याने विचारले, त्याच्यापुरता तो खेळ विज्ञानाचा धडा झाला.

माझे आजचे सारे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे. ‘आमचा बाळ मोबाइल काय झरझर चालवतो!’ असे कौतुकाने सांगणारे आईबाप आपल्याला पदोपदी भेटतात. यंत्र चालविता येणे म्हणजे विज्ञान कळणे नव्हे. नळ सोडता आला म्हणून कोणी पाणीपुरवठ्याचा अभियंता होत नाही. विज्ञान ही विचारण्याची सवय आहे, आणि तयार होऊन हाती येणारी वस्तू जितकी गुळगुळीत, तितकी ती ही सवय मोडणारी. काही अडतच नाही, मग विचारावयाचे काय?

या खेळांची बाजू मांडताना मी कंजूषपणा करणार नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातून 2008 साली ‘फोल्डइट’ नावाचा खेळ निघाला. प्रथिनाच्या साखळीची योग्य घडी घालणे हाच त्यातला डाव. माकडांमध्ये एड्ससारखा रोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. या खेळाच्या खेळाडूंनी तिचा विश्वसनीय आराखडा तीन आठवड्यांच्या आत उभा केला आणि 2011 साली तो शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची आज घरोघर चर्चा आहे, तिला 2012 साली टोरांटो विद्यापीठातून जी मोठी चालना मिळाली, तीही खेळातील चित्रे वेगाने उमटविण्यासाठी बनविलेल्या दोन चकत्यांच्या बळावर. तेव्हा सरसकट निषेध करणे हा अज्ञानाचाच एक प्रकार होय.

परंतु प्रत्येक खेळामागे रचणाऱ्याचा हेतू असतो. आपली सापशिडी ज्यातून आली तो मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो; पुण्याने चढण आणि पापाने घसरण हे मुलांच्या मनावर ठसावे, हा त्याचा हेतू. आजच्या कित्येक खेळांचा हेतू मुलाने उठूच नये एवढाच असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दाणा केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर पक्षी अधिक चिकाटीने चोच मारीत राहतो. पैसे भरून उघडावयाच्या, आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमने 2018 साली अशा पेट्या जुगारात गणल्या. खेळावरचा ताबा सुटणे, त्यापुढे इतर सारे तुच्छ होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे या लक्षणांच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले. ते वर्गीकरण 2022 पासून अमलात आले. आपल्या संसदेनेही 2025 साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. कायदा दाराबाहेरच्या चोराला अडवील; दाराच्या आत काय चालते, ते आपणच पाहिले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळतो. येथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे बदलीची आहेत. दर चार वर्षांनी मुलाची शाळा, गल्ली, मित्र सारे मागे राहतात. अशा मुलाला पडद्यावरचा सवंगडी प्रिय झाला, तर नवल ते काय? त्याची बदली होत नाही! मुलावर रागावण्यापूर्वी ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. मात्र त्या सवंगड्याशी बोलण्याची भाषा इंग्रजी असते, फार तर हिंदी. शाळेत मराठी नाही, अंगणात मराठी नाही. उरले होते घर, आणि घरातले चार तास कानाला यंत्र लावून गेले, तर भाषेने राहावे कोठे?

गेल्या दिवाळीत माझ्या मातोश्री आमच्याकडे होत्या. तेरा वर्षांच्या नातवाला त्यांनी त्याचा खेळ समजावून सांगावयास लावले आणि ‘मराठीतच सांग’ असा हट्ट धरला. पोराने कष्टाने ‘लेव्हल’ला पायरी आणि ‘शील्ड’ला ढाल केले. मग आजीने विचारले, “अरे, तू कुठून येतोस ते त्या राक्षसाला कळतं कसं?” त्याला उत्तर देता येईना. दोन दिवस खटपट करून त्याने आजीला सांगितले की, राक्षसाला काहीच कळत नाही. खेळणारा अमुक अंतराच्या आत आला की त्याच्यावर चालून जावयाचे, एवढाच नियम कोणीतरी लिहून ठेवलेला आहे. “म्हणजे आंधळाच की मेला! मग त्याला भ्यायचं कशाला?” असे म्हणून आजी हसल्या. त्यानंतर मुलगा खेळावयाचा थांबला नाही. मात्र असे नियम आपल्यालाही लिहिता येतात का, हे तो विचारू लागला. त्यासाठीच एमआयटी या अमेरिकन संस्थेने 2007 साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ हे साधन आता आमच्या घरी चालू आहे.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. गणेशोत्सवातील स्पर्धांत पाठांतर आणि वेशभूषा आहेतच. त्यांच्या जोडीला ‘माझा खेळ, माझ्या भाषेत’ अशी एक स्पर्धा ठेवावी. मुलाने आपला आवडता खेळ दहा मिनिटे मराठीत समजावून द्यावा आणि श्रोत्यांतील आजीआजोबांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. शब्द अडले तर तेथेच घडवावेत; भाषा अशीच वाढते. आणि घरी आपण तीन पथ्ये पाळावीत : खेळ बंद खोलीत नको, चारचौघांत असावा, त्यात पैसा मुळीच नको, आणि आठवड्यातून एकदा आईने अथवा वडिलांनी शेजारी बसून ‘हे असे का होते?’ एवढे विचारावे. उत्तर आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या परमुलखात हे मंडळ उभे केले, त्यांना आपली मुले आपल्यापासून दूर जातील ही चिंता होती. ती चिंता आजही आहे. फक्त आता मुले त्याच खोलीत बसून दूर जातात. त्यांच्या शेजारी जाऊन बसणे अजून आपल्या हाती आहे.