कंबर कसणं म्हणजे नेमकं काय



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'खेळाडूंचा व्यायाम'. समोर बघितलं तर खेळाडू म्हणवून घेण्यासारखे आपल्यात आता फार कोणी उरलेलो नाही. तरी मी हो म्हटलं, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला मला बावीस वर्षं लागली.

शाळा सुटली तरी माझी कबड्डी सुटली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नोकरी सांभाळून वाडीतल्या मुलांना मी संध्याकाळी शिकवायचो. त्यांचा व्यायाम मीच ठरवायचो. पोटासाठी एकच प्रकार : बाकाखाली पाय अडकवायचे, हात मानेमागे घ्यायचे आणि सिट-अप्स मारायच्या. रोज तीनशे. आकडा मोठा, म्हणजे व्यायाम चांगला, एवढंच माझं शास्त्र.

सतरा वर्षांचा एक चढाईपटू होता. पाय असे चपळ, की पकड लागायच्या आत मधल्या रेषेवर. एक दिवस म्हणाला, "दादा, वाकलं की कंबरेत कळ येते." मी म्हटलं, "पोट कमी पडतंय. पन्नास वाढव." त्याने वाढवल्या. माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. दोन महिन्यांनी डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. तपासणीत मणक्यांमधली चकती सरकलेली निघाली. अठराव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

सगळा दोष सिट-अप्सचा होता, असं म्हणणं सोपं आहे. हजारो मुलं त्या मारतात आणि काहीही होत नाही. माझी चूक अशी, की दुखणं ही त्याच्या शरीराने दिलेली सूचना होती आणि मी ती आळस समजलो. त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

वाचनात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल भेटले. आयुष्यभर पाठीच्या कण्यावर संशोधन केलेला माणूस. डुकराच्या मणक्यांवर केलेल्या प्रयोगांतून त्यांनी दाखवलं, की दाबाखाली कणा पुन्हा पुन्हा पुढे वाकवत राहिलं तर चकतीचे थर हळूहळू फाटत जातात. ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. आपण हात उचलतो, त्याच्या क्षणभर आधीच पोटातला सर्वांत खोलवरचा, पट्ट्यासारखा गुंडाळलेला स्नायू आवळला जातो. कंबरदुखी असणाऱ्यांत तो उशिरा आवळला जातो. म्हणजे आपल्या नकळत शरीर आधी कंबर कसतं आणि मग कामाला लागतं. मराठीत हा शब्दप्रयोग कोणी केला ते माहीत नाही, पण त्याला शरीर कळत होतं.

हल्ली जिममध्ये ज्याला 'कोअर' म्हणतात, ते आरशात दिसणारे पोटाचे चौकोन नव्हेत. झाकण लावलेला डबा डोळ्यांसमोर आणा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, भोवती तो पट्टा आणि मागे मणक्यांना धरून ठेवणारे छोटे स्नायू. डबा भरलेला आणि घट्ट असेल तर त्यावर ओझं ठेवता येतं. रिकामा, सैल असेल तर चेपतो. कबड्डीत घोटा धरला गेल्यावर चढाईपटू रेषेकडे झेप घेतो, तेव्हा पायातला जोर हाताच्या बोटांपर्यंत या डब्यातूनच जातो. कोअरचं मुख्य काम वाकणं नाही. वाकू न देणं आहे. दहीहंडीत खालच्या थरातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. तो पोट आवळतो, श्वास धरून ठेवत नाही, छोटे छोटे घेतो.

आता आपल्या सरांबद्दल. सर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून जपून बोलतो. शाळेच्या मागच्या चौकातला एरंडेल पिऊन काळा झालेला मल्लखांब आठवतो ना? आम्हाला वर चढून उलट्या उड्या मारायच्या असायच्या आणि सर महिनाभर फक्त साधी अढी करायला लावायचे. "आधी थांबायला शिका, मग हलायला," हे त्यांचं वाक्य. आम्ही मागे नक्कल करायचो. सर, माफ करा. मॅकगिल यांची पुस्तकं वाचून मी ज्या ठिकाणी पोहोचलो, तिथे तुम्ही आम्हाला सातवीतच नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, ते कुस्तीगिरांच्या सरावासाठी. म्हणजे तो मुळात खेळाडूंचा पूरक व्यायामच. खांब सरकता, तेलकट. त्याला मांड्यांनी धरून अंग आडवं तोलायचं, तर कंबर सैल सोडून चालतच नाही. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायाम दाखवले. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ साली आपल्या शिवाजी पार्कवर झाली. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. गिरगावातून दादरला जाऊन एकदा संध्याकाळी तिथली मुलं बघून या.

मी अजूनही शिकवतो. तीनशेचा आकडा गेला. आता मॅकगिल यांचे तीन प्रकार : कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरणं, आणि ओणवं होऊन उजवा हात व डावा पाय लांब करणं, मग उलट. प्रत्येक वेळी दहा सेकंद, मग सोडायचं. पाच पाच मिनिटं प्लँक धरून फोटो टाकण्याची गरज नाही. त्याशिवाय एका हातात पाण्याची बादली घेऊन, खांदा न झुकवता चालणं. चाळीतल्या आपल्या आया सामाईक नळावरून रोज हेच करत होत्या, तेही लाकडी जिना चढून. आणि कुणी "कळ येते" म्हणालं की त्या दिवशी त्याचा व्यायाम बंद. हा नियम मुलं मोडू बघतात, मी मोडू देत नाही.

तो मुलगा आता चाळिशीला आला. परवा चर्नी रोड स्टेशनच्या जिन्यावर भेटला. कठडा धरून उतरत होता. म्हणाला, "दादा, माझ्या पोराला तुमच्याकडे पाठवू का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पोरगा येतो आता, मंगळवार-शुक्रवार.

आपल्यासाठी शेवटचं. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना हाताचा आधार न घेता जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. ज्यांना ते जड गेलं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हे घाबरवायला सांगत नाही. पण संयोजकांनी आज पंगत जमिनीवर मांडली आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कोपऱ्यात खुर्च्या आहेत. खुर्च्या दहाच आहेत, मी मोजून आलोय.