पदकाच्या कडेवरचे नाव



चांदीचे एक अंडाकृती पदक. कडेने ओकच्या पानांची वेल, मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आणि राणीची आद्याक्षरे, वर हिरवी फीत. 1894 पासून हिंदुस्थानातल्या व्हॉलंटियर अधिकाऱ्यांना हे मिळू लागले. ज्याच्या छातीवर ते लागे, त्याच्या नावामागे इंग्रजीतली ‘व्ही. डी.’ ही दोन अक्षरे कायमची चिकटत. जुन्या रेल्वे अभियंत्यांच्या नावामागच्या पदव्यांच्या शेपटात ही दोन अक्षरे वारंवार दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, गृहस्थाने कुठेतरी लढाई मारली असावी. बहुतेकांनी मारलेली नसते. वर्षानुवर्षे कवायतीला हजर राहणे, नेमबाजीच्या परीक्षेत उतरणे आणि वरिष्ठांच्या मर्जीत राहणे एवढ्यावर ते मिळत असे.

तरी हे पदक टाकाऊ नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ते बरेच काही सांगते, फक्त ते भलतेच सांगते.

त्या पदकाची गोष्ट सुरतेपासूनच सुरू करायला हवी. 1855 साली स्थापन झालेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बीबीसीआयची, पहिली गाडी मुंबईहून सुटली नाही. 10 फेब्रुवारी 1860 रोजी ती धावली अंकलेश्वर ते उतराण, म्हणजे तापीच्या उत्तर काठापर्यंत. अंतर 29 मैल. त्याच वर्षी रूळ तापी ओलांडून सुरतेत आले. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत ते पोचायला 1864 चा नोव्हेंबर उजाडला. मुंबईकरांना हे सांगितले की ते जरा गप्प होतात.

या लोहमार्गाचा कर्ता कर्नल जॉन पिट केनेडी. आयर्लंडचा, जन्म 1796 चा, रॉयल इंजिनियर्समधला. ग्रीसजवळच्या सेफालोनिया बेटावर चार्ल्स नेपियरच्या हाताखाली रस्ते बांधले, मायदेशी परतून शेतीच्या शाळा काढल्या, पुढे नेपियर सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा लष्करी चिटणीस झाला आणि सिमल्याकडच्या डोंगरात हिंदुस्थान-तिबेट रस्त्याची आखणी केली. रेल्वेबद्दल त्याची मते ठाम, किंबहुना हेकट होती. चढ शक्य तितका सौम्य हवा. घाट चढून जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या, बेताला त्याने कडाडून विरोध केला. त्यात तो हरला, आणि बोरघाट चढला गेला हे आपल्या पुणेकरांचे भाग्यच म्हणायचे. पण किनारपट्टीच्या सपाटीवर त्याचा हेकटपणा फळला. सगळ्या नद्यांना एकच माप, साठ फुटांचा वॉरन गर्डर. खाली बिडाचे पोकळ खांब, टोकाला मळसूत्र, ते नदीच्या गाळात पिळत पिळत उतरवायचे. गर्डर विलायतेतून सुटे येत, जागेवर जोडले जात. एक निकामी झाला तर दुसऱ्या पुलाचा तिथे बसे. एवढे सगळे 1850 च्या दशकात.

नर्मदेने मात्र त्याला दाद दिली नाही. भडोचचा पूल पुरांनी पुन्हा पुन्हा मोडला, आणि 1876 च्या पुरानंतर नवा बांधण्यावाचून गत्यंतर उरले नाही. 7 डिसेंबर 1877 ला काम सुरू झाले, 16 मे 1881 ला पूल खुला झाला, खर्च 45 लाख 65 हजार रुपये. इतक्या पैशांत सोन्याचा झाला असता, असे लोक म्हणाले, आणि आजही तो गोल्डन ब्रिजच आहे. 1935 मध्ये शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल उभा राहिला आणि रेल्वे तिकडे गेली.

नेमक्या याच 1877 मध्ये बीबीसीआय रेल्वे व्हॉलंटियर रायफल्स ही पलटण उभी राहिली. जीआयपीची त्याआधी दोन वर्षे निघाली होती. या पलटणींमागची मूळ भीती 1857 च्या उठावाची. त्या वर्षी बिहारमधल्या आरा गावी रिचर्ड व्हिकार्स बॉइल नावाच्या ईस्ट इंडियन रेल्वेच्या अभियंत्याने आपल्या आवारातली दुमजली इमारत आधीच विटांनी बुजवून, दाणापाणी भरून ठेवली होती. कुंवरसिंहांच्या फौजेने वेढा दिला तेव्हा 50 शीख शिपाई आणि दीड डझन मुलकी माणसे त्या घरात आठवडाभर तगले. बॉइलला पदक मिळाले, जमीन मिळाली, पुढे सी. एस. आय. हा किताबही मिळाला, आणि 1870 च्या दशकात तो जपान सरकारच्या रेल्वेचा मुख्य अभियंता झाला. सरकारने यातून धडा घेतला तो असा: प्रत्येक स्टेशनावर बंदूक चालवणारे गोरे हात हवेत. 1869 चा व्हॉलंटियर कायदा होताच. रेल्वेने माणसे पुरवली.

मग नोकरीची उतरंड जशीच्या तशी पलटणीत उतरली. वरचे साहेब कर्नल, जिल्ह्याचा अभियंता कॅप्टन, ड्रायव्हर आणि गार्ड साधे रायफलमन. सोमवारी ज्याला रजा नाकारायची, रविवारी त्याचाच सलाम घ्यायचा. सामान्य शिपायाला वीस वर्षांच्या सेवेचे गोल रुपेरी पदक मिळे, अधिकाऱ्याला वर वर्णन केलेले अंडाकृती. आद्याक्षरांवरून काळ ओळखता येतो: व्हिक्टोरिया, एडवर्ड की पंचम जॉर्ज. पाठीवर किंवा कडेवर हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असेल तर अभ्यासकाचे अर्धे काम झाले. 1917 मध्ये या पलटणी इंडियन डिफेन्स फोर्समध्ये आणि 1920 मध्ये ऑक्झिलियरी फोर्समध्ये विरल्या, 1947 ला संपल्या.

यात आपली माणसे कुठे होती? कवायतीत जवळजवळ नव्हतीच. काही पारशी आणि देशी ख्रिस्ती अपवादाने शिरले, बाकी हिंदी माणसाला दार बंद. पलटण निघाली 1877 ला, आणि लगेच 1878 ला व्हाइसरॉय लिटनचा शस्त्रकायदा आला. युरोपियनांना माफी, आपल्याला परवाना. जीआयपीत कारकुनी केलेले वासुदेव बळवंत फडके 1879 मध्ये बंड करून उठले, त्या काळात त्याच रेल्वेतल्या गोऱ्या नोकराला बंदूक सरकार हातात देत होते. 1886 च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने हिंदी लोकांना व्हॉलंटियर होऊ द्यावे, असा ठराव केला. मागणी अगदी मवाळ, राजनिष्ठ, तरी फेटाळली गेली. एकवीस वर्षांनी तीच काँग्रेस याच सुरतेत तापीकाठी फुटली, व्यासपीठाकडे दक्षिणी जोडा उडाला, आणि प्रतिनिधी बीबीसीआयच्याच गाड्यांनी घरी गेले. मवाळांच्या मागण्यांचे काय होते हे लोकांनी इतकी वर्षे पाहिले होते. तो जोडा केवळ टिळकपक्षाच्या तापटपणातून आला असे मानणे म्हणूनच पटत नाही.

कवायतीत नसलेली आपली माणसे रुळांवर होती. साहेबाची तपासणी ट्रॉलीवरून चाले. साहेब छत्रीखाली बाकावर, मांडीवर नोंदवही, आणि मागे ट्रॉलीमन अनवाणी, तापलेल्या रुळावर पाय टाकत ढकलत धावणारे. उतार आला की उडी मारून मागे चढायचे, चढ आला की पुन्हा उतरायचे. पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन बांध तपासत चालणारा गस्तवाला, दोरखंड आणि कप्प्यांनी गर्डर चढवणारे खलाशी, आणि कुठला दगड पोकळ बोलतो ते हातोडीच्या आवाजावरून सांगणारा मुकादम. यांतल्या कोणाचे नाव कशाच्या कडेवर नाही. नोंद सापडलीच तर हजेरीपटावर, तीही बहुधा बापाच्या नावाशिवाय.

एक वेगळे उदाहरण घ्या. जीआयपीचा पहिला मुख्य अभियंता जेम्स बर्कली 1862 मध्ये वारला. त्याच्या नावाने मुंबई विद्यापीठात पारितोषिक सुरू झाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून एल. सी. ई. या स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला येऊन 1883 मध्ये ते पटकावले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुणाने. हा तरुण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला, नाशिक-धुळ्याच्या बाजूला राबला, सक्करची पाणीपुरवठा योजना केली आणि 1890 च्या दशकात कार्यकारी अभियंता म्हणून या सुरतेत आला. मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसाला मिळणार नाही हे ओळखून 1908 मध्ये त्याने नोकरी सोडली. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे: सर, आणि 1955 मध्ये भारतरत्न. गोऱ्या रेल्वे अभियंत्याच्या स्मरणार्थ ठेवलेले बक्षीस अशा माणसाकडे गेले, ही त्या काळातली दुर्मीळ न्याय्य घटना. कारण तिथे परीक्षा गणिताची होती, निष्ठेची नव्हती.

सुरतेतल्या मराठी माणसाचा मोठा भाग आला तापी व्हॅली रेल्वेने. किलिक निक्सन कंपनीने शतक सरताना सुरत आणि अमळनेर जोडले आणि नंदुरबार, दोंडाईचा हा सगळा खान्देश सुरतेला लागून आला. आज उधना, लिंबायतमध्ये अहिराणी ऐकू येते तिचे मूळ या रुळांत आहे. ही वाट कोणी आखली, कोणी खोदली, यावर मराठीत एक धड पुस्तक असू नये, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

साधने आहेत. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या सेवेचे छापील इतिहास आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात दप्तरे आहेत, लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत रेल्वे नोकरांच्या याद्या आहेत. पदकाच्या कडेवरचा कॅप्टन या तिन्हींतून दोन-चार दिवसांत सापडतो. त्याची ट्रॉली ढकलणारा तिथे सापडत नाही. तो सापडेल तर या सभागृहातल्या घरांत: पणजोबांचा निवृत्तीचा दाखला, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, गँगचा एखादा फोटो, फुकट प्रवासाचा पास. असे कागद बहुतेक घरांत देव्हाऱ्यामागच्या डब्यात असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. ते काढा, मागे गाव आणि साल लिहा, आणि या संमेलनाच्या कार्यवाहांकडे नक्कल द्या. उधना ते अमळनेर एकेक स्टेशन घेऊन वर्षभरात यादी सुरू करता येईल, आणि ती व्याऱ्यापासून सुरू करावी, कारण तिथून आलेले बरेच जण आज इथे बसले आहेत.