बेपत्ता माणसाचा हिशेब



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. मी शाळा लवकर सुटलेला, कामगारांच्या संघटनेत केस पांढरे झालेला माणूस. तेव्हा माझा विषयही हिशेबाचाच आहे. कामावर गेलेला माणूस परत आला नाही, त्याचा देहही आला नाही, तर त्याच्या घरच्यांचे मालकाकडे काय देणे निघते? मालक म्हणजे येथे सरकार, आणि माणूस म्हणजे फौजेतला जवान किंवा आरमारातला खलाशी.

या प्रश्नाशी आपल्या रत्नागिरीचा जुना संबंध आहे. 1761 साली पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे की, रणांगणातून देह शोधला, अंगावरच्या खुणा पटवल्या आणि अग्निसंस्कार झाला. पण पुण्यात पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. त्याला कैद करून अखेर आपल्याच किल्ल्यात आणून ठेवले. 1776 साली येथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडून त्याचाच पक्ष घेतला. हजारो माणसे जमली, कोकणातले किल्ले हातचे गेले, आणि त्याच वर्षी पुण्यात तोतयाला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरच आहे.

आपण तोतयाला हसतो. परंतु त्याच्यामागे गेलेले सगळेच काही मूर्ख नव्हते. पंधरा वर्षे जी शंका घरोघर राहिली होती, तिच्यावर त्याने आपले घर बांधले. मेल्याची बातमी आली, पण मनाला पटेल असा पुरावा आला नाही, तर ती जागा रिकामी राहते. आणि रिकाम्या जागेत कोणीही शिरतो. कधी तोतया, कधी भोंदू, कधी 'तुमचा मुलगा अमक्या तुरुंगात पाहिला' म्हणून पैसे उकळणारा दलाल.

शास्त्रकारांना हे ठाऊक होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगितला. आपल्या कोकणी मुसलमान बांधवांत दूर वारलेल्यासाठी गायबाना जनाज्याची नमाज आहे. कायद्याने सात वर्षे धरली; 1872 च्या पुरावा कायद्यातली ती मुदत 2023 च्या नव्या कायद्यातही कायम आहे. शास्त्राची बारा, कायद्याची सात. पण कुंकू लावायचे की पुसायचे, हे जिला रोज सकाळी आरशापुढे ठरवावे लागते, तिची मुदत कोणी ठरवायची?

आता आपल्या काळाकडे या. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या माऱ्याने 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 खलाशी तिच्याबरोबर गेले. ती आजही समुद्राच्या तळाशी आहे. दीवला टेकडीवर तिचे स्मारक झाले, पण ते 1999 साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. समुद्राने देह दिला नाही, हा समुद्राचा दोष. नाव कोरायला अठ्ठावीस वर्षे लागली, हा मात्र माणसांचा.

दुसरे उदाहरण हिमालयातले. 7 फेब्रुवारी 1968 रोजी 102 जणांना घेऊन लेहकडे निघालेले हवाई दलाचे विमान परत फिरताना बर्फात नाहीसे झाले. 2003 साली गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. शोध पुन्हा पुन्हा झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये आणखी चार देह हाती आले. छप्पन वर्षांनी! त्यांतल्या एकाची ओळख कशावरून पटली? खिशातल्या पगारपुस्तकावरून. मंडळी, मी आयुष्यभर मजुरांना सांगत आलो की हजेरीचा आणि पगाराचा कागद जपून ठेवा. तो कागद माणसाच्या पश्चात इतकी वर्षे साक्ष देईल, हे माझ्याही ध्यानात आले नव्हते.

तिसरे उदाहरण. 22 जुलै 2016 रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले विमान 29 जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या माणूसविरहित यंत्राने 3400 मीटर खोलीवर त्याचे तुकडे टिपले. देह वर आले नाहीत. पण 'कुठे' या प्रश्नाला उत्तर मिळाले.

कोणी म्हणेल, हाडांसाठी एवढा खर्च कशाला? जिवंतांकडे पाहा. मी म्हणतो, हा जिवंतांसाठीच आहे. सत्य कळल्याने दुःख संपत नाही; उलट ते तेव्हा कोठे सुरू होते. पण सुरू झालेले दुःख चालते, झिजते, शेवटी घरातल्या माणसांसारखे घरात राहते. अर्धवट आशा मात्र माणसाला उंबऱ्यावरच उभे करून ठेवते. शोधणाऱ्याचा जीव हाडांसाठी घालवावा, असे मी म्हणणार नाही. जेथे देह निघू शकत नाही, तेथे जागा सांगा, वेळ सांगा, चौकशीत काय निघाले ते सांगा, वाचलेल्या सोबत्यांची भेट घालून द्या. आणि हे सारे घरच्या भाषेत, घरी येऊन, खुर्चीवर बसून सांगा; नुसता छापील कागद धाडू नका. ही दया नव्हे. नाव, नंबर आणि सही घेऊन तुम्ही माणूस नेलात, तेव्हा त्याचा हिशेब देणे हे तुमच्याकडे निघणारे देणे आहे.

सरकारचे झाले, आता आपले. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. गोदीत आणि जहाजांवर आपल्या जिल्ह्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली. आपल्या गावचे कोण परत आले नाही, याची वही आपल्यापैकी किती गावांत आहे?

माझी सूचना साधी आहे. या उन्हाळ्यात चाकरमानी गावी आले की म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. फौजेत, आरमारात, जहाजावर गेले आणि आले नाहीत, त्यांचे नाव, पलटण किंवा जहाज, शेवटच्या पत्राची तारीख लिहून घ्या. घरात पगारपुस्तक, पदक, तार असेल तर तिची नक्कल करा. आणि ती वही 1828 सालापासून चालत आलेल्या आपल्या नगर वाचनालयात नेऊन द्या. उद्या कोठे बर्फ वितळेल, कोठे समुद्राच्या तळाचे छायाचित्र निघेल. तेव्हा 'हा कोणाचा?' असा प्रश्न आला, तर 'आमचा' म्हणून उत्तर द्यायला कोणीतरी जागे असले पाहिजे.